आजीचं ‘ओले’

स्पेनमधल्या हेरेसच्या नाचगाण्याच्या उत्सवात, नाट्यगृहाच्या बंद दाराशी लागलेल्या रांगेत फिलोमेना सूर्यफुलाच्या बिया सोलत उभी होती. पुढच्या सासूसुनेचं बोलणं कान न देताही ऐकू येत होतं. विषय होता ‘ओले’चा, नाच काळजाला भिडला की बघणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या दादेचा.

“आई, आज तरी त्रिनीला एक ‘ओले’ द्या. नाहीतर नाचाचे बूट कायमचे काढून ठेवीन म्हणतेय पोरगी.”

“टाळ्या वाजवीन की. हात दुखेपर्यंत.”

“टाळ्या सगळेच वाजवतात. तिला आजीचं ‘ओले’ हवंय.”

“चारो, ‘ओले’ म्हणजे काय पिशवीतली गोळी आहे, काढली नि दिली? ते आपसूक निघावं लागतं. तुझे सासरे गेले, तेव्हापासून निघालंच नाही.”

“नातीसाठी खोटं का होईना...”

“खोटं ‘ओले’? या गावात? बाजारात तोंड कसं दाखवू मी?”

तेवढ्यात दारामागून तालमीतल्या टाचांचा आवाज आला. आधी हळू, मग दाराची कडी थरथरेल इतका. ऐन भरात तो थांबला. मग एकच टाच पडली, जराशी उशिरा.

“ओले,” म्हातारी पुटपुटली.

“आई!”

“तुझे सासरे अश्शीच तालाच्या मागे ठेवायचे टाच. इतक्यांना शिकवली, एकाला जमली नाही. कोण आहे गं आत?”

“त्रिनी.”

फिलोमेनाच्या हातातली बी हातातच राहिली.

“तिनं तर आजोबांना पाहिलंही नाही गं,” म्हातारी म्हणाली.

“नाही ना. आई, आत जाऊन सांगू तिला, ‘ओले’ म्हणालात ते?”

“नको. बूट काढायचे नाहीत, एवढंच सांग.”