लाईट आली की आई?

पहिल्या शब्दाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या समीरचं ऐका. आम्ही तेव्हा सुकापूरला भाड्याने राहायचो. नव्वद-एक्याण्णव साल असेल. मी पनवेलला ऑफिसात जायचे आणि घरमालकीण ताराकाकू त्याला सांभाळायच्या. पहिला वाढदिवस जवळ आला होता आणि एका संध्याकाळी पोरगं चक्क म्हणालं, "आई!"

मी साखर वाटायला निघाले, तर ताराकाकूंना हसू आवरेना.

"अगो, तो तुला नाय हाक मारत. गेलेली लायट आली का आमी सगले ओरडतो ना, 'आली!' त्याला 'ल' बोलता येत नाय, म्हनून 'आई'."

मला काही पटेना. नवरा म्हणाला, "बघूया की!" आणि त्याने मेन स्विच बंद केला. मी समीरसमोर बसून विचारलं, "मी कोण? सांग, मी कोण?" तो माझ्या बांगड्यांशी खेळत बसला. मग स्विच चालू झाला, पंखा फिरला, आणि पोरगं टाळ्या वाजवत म्हणालं, "आई!"

मी नवऱ्याशी धड बोलेना, जणू त्यानेच शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात एकदा ऑफिसातून आले, तर अख्ख्या गावात अंधार. माझ्या चपलांचा आवाज ऐकून समीर ताराकाकूंच्या कडेवरून झेपावला. "आई!"

"बघा! आता कुठे लाईट आलीये?"

नवरा आतून म्हणाला, "अगं, तो 'आली'च म्हणतोय."

"म्हणू दे की! मीच आलेय ना?"