ऊस न येणारं माहेर

गुळाचा चहा पिताय म्हणून सांगते. माझे सासरे, आबा, अंथुर्ण्याचे ऊसवाले. माझं माहेर सुप्याकडचं, सगळा मुरूम. लग्न झाल्यापासून आबांचं एकच, "सूनबाई, तुझ्या माहेरी ऊस येत न्हाय."

आता माझी नोकरीच अशी, की संपत चाललेली औषधी झाडं कुठल्या जमिनीत चांगली येतात ते तपासायचं. गुग्गुळाची रोपं मी दोन्हीकडं लावली. आबांनी त्यांना उसासारखं पाणी पाजलं, वर खत घातलं. झाडं अशी तरारली की आबा येईल त्याला बांधावर नेऊन दाखवायचे. माहेरची मात्र खुरटी, काटेरी.

काही वर्षांनी डिंकासाठी खोडांना चिरा दिल्या. आबांच्या झाडांतून नुसता पातळ चीक आला. माहेरच्या झाडांवर पिवळसर, घट्ट, वासाचा डिंक धरला आणि तपासणीतही तोच सरस ठरला. आबांनी त्यातला एक खडा उचलून खिशात टाकला.

परवा नरसिंहपूरचे ऊसवाले पाहुणे आले. आबांनी डिंकाचा खडा त्यांच्या नाकाशी धरला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "असा माल तुमच्याकडं व्हायचा न्हाय, पाव्हणं. आमच्या सूनबाईच्या माहेरी ऊस येत न्हाय."