पोर्टातलं कुंकू

वसईच्या दवाखान्यात मनगटाच्या एक्स-रेची वाट बघत बसलेल्या प्रिस्काला मागच्या बाकावरचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण हात झोळीत बांधला म्हणून कान थोडेच बांधले जातात?

"तेजस, तुझं मशीन बिघडलंय आणि तू माझा गुडघा दाखवत फिरतोस?"

"बिघाड सापडला, मावशी. या दवाखान्याचे सगळे एक्स-रे आमच्या सातिवलीच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये साठतात. तिथे जायला फायबर केबलच्या दोनच वाटा. त्यातली एक सारखी तुटत होती. केबल बदलली, कार्ड बदललं, तरी तेच. शेवटी केबल खोचतात त्या पोर्टमध्ये भिंगातून पाहिलं, तर आत कुंकू!"

"अगोबाई! कुंकू कुठून?"

"दसऱ्याला साहेबांनी पूजा केली. केबल उपसून थेट पोर्टात कुंकवाचं बोट दाबलं. म्हणाले, वरवरची पूजा काय कामाची?"

"मग पुसून टाक की."

"पुसू देत नाहीत. अपशकुन होतो म्हणे."

"बरोबरच आहे त्यांचं. चालत्या मशीनचं कुंकू पुसतात का कधी?"

"म्हणून सगळा भार दुसऱ्या पोर्टवर टाकलाय."

"आणि तेही बंद पडलं तर?"

"पडू नये म्हणून आज साहेब त्याची पूजा करतायत. मी नको म्हटलं, तर म्हणाले, नास्तिकाने रजा घ्यावी."

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "प्रिस्काबाई, बसा अजून. आत्तापर्यंत दिसत होता तुमचा एक्स-रे. आता कुणाचाच दिसत नाहीये."

"झाली वाटतं पूजा," मागून तेजस म्हणाला.

"मग साहेबांना फोन कर. आपला प्रसाद राखून ठेवा म्हणावं."