केवडा घोडी आणि मैत्रीदंड

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पखवाजावरचा हातही विसावू द्या. मला आज तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तराची घाई करू नका. वैरी माणूस जीव घेतो, हे कळतं. रागाच्या भरात काठी उगारली, नको तिथं लागली, तेही कळतं. पण शिवी नाही, चाबूक नाही, डोळ्यांत पाणी, तोंडात गोड शब्द — असं पोटभर प्रेम करता करता एखाद्याचा जीव घेता येतो का?

माना हलताहेत! 'नाही' म्हणताहेत! बरं. मग ऐका.

माणदेशात हिंगणवाडी नावाचं गाव. गावाचा देव खंडोबा. तिथल्या यात्रेची एक रीत आहे. पालखीपुढं घोडी चालते. सजवलेली, पाठीवर खोगीर, पण खोगिरावर माणूस नाही. का? तिथं देव बसलाय! तुम्हाआम्हाला दिसत नाही, घोडीला कळतं. ही घोडी पाळायचा मान कोकऱ्यांच्या घरात. घरधनी सुभानराव कोकरे — सिमेंट-पत्र्याचं दुकान, अंगानं दांडगा, मनानं इतका हळवा की लग्नात मुलीकडच्यांच्या आधी हाच रडायचा. घोडीचं नाव केवडा. फिकट पिवळा रंग, चारी पाय पांढरे.

आता ज्या घोडीवर देव बसतो, तिचे पाय कसे ठेवायचे? कोकऱ्यांकडं त्याची रोजची सेवा होती. सकाळी उठलं की घरधन्यानं स्वतः खाली बसायचं. एकेक पाय मांडीवर घ्यायचा. खुरात अडकलेली माती आकड्यानं कोरून काढायची, पाय धुवायचा, वर चिमूटभर भंडारा लावायचा. चारी पाय झाले की मग स्वतःचा चहा. घरात लग्न असो, ताप असो, चुकायचं नाही. सुभानरावच्या बापानं हे केलं, आता सुभानराव करत होता, आणि केवडाही अशी शहाणी की तो बसला की न सांगता पाय पुढं करायची.

मग एका वर्षी यात्रेत काय आलं? डीजे आला! ढोलाची सवय असलेली घोडी ती, पण ही स्पीकरची भिंत! अहो, मी कीर्तनकार माणूस, आयुष्य आवाजात गेलं, तरी त्या भिंतीपुढं माझं काळीज लटपटतं. केवडा बुजली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पालखीचा एक भोई खाली पडला, त्याचा हात मोडला.

पंचांनी सुभानरावला बोलावून घेतलं. "सुभानराव, पुढच्या यात्रेत घोडी बुजली तर मान दुसऱ्या घरात जाईल. देवाचं काम आहे, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका! असं म्हटल्यावर माणसाला आणखी कसं वाटणार हो?

घरी येऊन सुभानराव ताटावर बसला आणि तसाच उठला. त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "अहो, त्या भिंतीला मीसुद्धा बुजले. मग माझं काय करताय आता?"

तुम्ही हसलात. सुभानराव हसला नाही. तो फोन घेऊन शोधत बसला. आणि शोधणाऱ्याला आजकाल काय सापडत नाही? त्याला सापडले रणविजय सर — 'अश्वमन पद्धती'चे जनक! पुण्याच्या पलीकडं डोंगरात त्यांचं शिबिर. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, कानाशी छोटा माइक. घोड्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, त्याच्या तोंडात लोखंड घालायचं नाही. निसर्गाच्या भाषेत बोलायचं! ऐकायला किती छान! मीसुद्धा गेलो असतो, मंडळी. खोटं कशाला बोलू?

पण निसर्गाच्या भाषेचं सामान मात्र सरांच्याच दुकानात मिळायचं! एक दोरीची मोरकी — तुमच्या-माझ्या बैलाच्या तोंडाला असते तीच, पण हिच्या गाठी म्हणे घोड्याच्या मनाशी जोडलेल्या. एक काठी. हां, काठी म्हणायचं नाही! मैत्रीदंड म्हणायचं! मैत्रीदंड मारायचा नाही, नुसता हलवायचा, आणि घोडं पळालं की म्हणायचं — बघा, संवाद झाला! शिबिराची पहिली पातळी झाली की निळी दोरी, दुसरीला हिरवी. किंमत मी सांगत नाही. पुढं म्हातारी माणसं बसली आहेत, कुणाला घेरी यायला नको.

सुभानरावनं तिथं विचारलं, "सर, आमच्यात रोज घोडीचे पाय धुवायची रीत आहे. ते चालेल ना?"

सर हसले. "सुभानजी, इथंच तर चुकतंय तुमचं! तुम्ही रोज तिच्या पायाशी बसता. मग ती तुम्हाला पुढारी का मानेल? ती आपणहून तुमच्या खांद्याशी येईपर्यंत स्पर्श नाही. स्पर्श हे बक्षीस आहे. खाऊ नाही, गूळ नाही, लाड नाही. आणि ती ज्या दिवशी आपणहून येईल, त्या दिवशी पाठ फिरवून शांतपणे निघून जायचं. तिला तुमच्या मागं यायला शिकू दे."

सुभानरावनं सगळं मनात कोरून घेतलं. बिचारा देवाचा माणूस होता हो! ज्या निष्ठेनं भंडारा लावायचा, त्याच निष्ठेनं भंडारा लावायचा थांबला.

परसात गोल कुंपण उभं राहिलं. सरांकडं तयार कुंपण होतं, पण ते आणायचं म्हणजे ट्रक लागायचा. सुभानरावनं जुन्या मांडवाच्या फळ्या काढल्या, सुतार बोलावला, ठोकाठोक केली. केवडाला आत सोडलं. तिला वाटलं मालक येईल, बसेल. तिनं पाय पुढं केला. मालक उभाच! हातात मैत्रीदंड! तो हलला, केवडा पळाली. गोल गोल. थांबली की हलला. पळाली. जीभ ओठांवरून फिरेपर्यंत पळवायचं, कारण जीभ फिरली म्हणजे घोड्यानं तुम्हाला मनातून मानलं, असं पद्धतीत आहे. अहो, या बाजूच्या पैलवानाला देवळाभोवती पळवा, त्याचीही जीभ ओठांवरून फिरेल! त्यानं मला गुरू केलं असं मी समजू का?

हौसाबाई कुंपणापाशी आली. "अहो, चार दिवस झाले, तिचे पाय बघितले नाहीत कुणी. मी धुते."

"तू मधे पडू नकोस," सुभानराव म्हणाला. "संवाद बिघडतो."

आणि मग केवडा लंगडायला लागली. पुढचा उजवा पाय. सुभानराव धावत जवळ आला. त्याचा हात गेला होता बरं का पायाकडं! गेला होता! पण तेवढ्यात पद्धत आठवली आणि त्यानं फोन काढला. सरांनी व्हिडिओ बघितला. "सुभानजी, हे नाटक आहे. कामाची टाळाटाळ. तुम्ही आता विरघळलात, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. चालवत राहा."

चालवली! लंगडत होती, तरी चालवली. मारलं नाही हो एकदाही. "चल बाळ, चल माझ्या बाई," असं म्हणत चालवली.

एके दिवशी सकाळी काय झालं — केवडा पळता पळता थांबली. वळली. हळूहळू त्याच्याकडं आली, आणि तिनं त्याच्या खांद्यावर मान टाकली. आपणहून! सुभानराव ढसाढसा रडला. सर म्हणाले होते तसंच झालं की! मंडळी, मला सांगा, ती कशाला आली होती? त्याला पुढारी मानायला आली होती? तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती जवळ आली होती! आणि यानं काय केलं? रडत रडत पाठ फिरवली आणि निघून गेला. पद्धतीत होतं तसं.

पुढं लंगडणं कमी झालं. सुभानराव खूश. जखम वरून बुजली की आतलं दुखणं दिसत नाही, हे घोड्यालाही खरं आणि घरातल्या माणसालाही खरं. आणि मग एका दुपारी केवडा कुंपणात उभी राहिली ती वेगळीच! कान ताठ. मान ताठ. शेपूट उचललेलं. चारी पाय फाकवून अशी रुबाबात उभी, की बघत राहावं. सुभानरावनं फोटो काढून पाठवला. सरांचं उत्तर आलं, "काय हे लक्ष! काय ही एकाग्रता! घोडी पूर्ण तुमची झाली. तिसऱ्या पातळीला या."

यात्रा तोंडावर आली होती. गावात मांडव पडला, स्पीकरची भिंत उभी राहिली, 'हॅलो हॅलो' सुरू झालं. आवाज आला की केवडाच्या अंगातून थरथर जायची, पण ती जागची हलायची नाही. सुभानराव सगळ्यांना सांगत सुटला, "बघा, बुजत नाही आता!"

हौसाबाईला राहवलं नाही. नवरा दुकानात गेलेला बघून ती पदरात गुळाचा खडा घेऊन कुंपणात शिरली. खडा ओठांशी धरला. केवडाच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, पण तोंड उघडेना! हौसाबाईनं बोटांनी जबडा हलवून बघितला. दगड! ती तशीच रस्त्यानं धावत सुटली. "अहो! हिचं तोंडच उघडत नाही हो!"

जनावरांच्या डॉक्टर शिंगाडेबाई तालुक्याहून आल्या. लांबून बघूनच त्यांचा चेहरा उतरला. "काका, हा धनुर्वात आहे. जखम कुठं झालीय हिला?"

"जखम? हिला मी कधी मारलं नाही, बाई."

बाईंनी पुढचा उजवा पाय कसाबसा उचलला. खुरात माती गच्च बसलेली. ती आकड्यानं कोरली. आणि आत, मंडळी, गंजलेला खिळा होता. त्याच कुंपणाच्या फळीतून पडलेला! एका सकाळच्या सेवेत निघाला असता तो. आकडा, पाणी, चिमूटभर भंडारा — बस्स, एवढ्यात निघाला असता.

सुभानराव तिथंच मातीत बसला. बाईंनी सुया दिल्या. म्हणाल्या, "उशीर झालाय फार. आता तिला अंधारात ठेवा आणि आवाज होऊ देऊ नका. प्रत्येक आवाजाला तिचं अंग पिळवटतं. ती शांत नव्हती, काका. तिला हलताच येत नव्हतं."

बाई हे बोलत होत्या आणि तिकडं भिंत वाजली! धाडकन! केवडा लाकडासारखी आडवी कोसळली. सुभानराव उठला. पायात चप्पल नाही, डोक्याला टोपी नाही. मांडवात पंच बसले होते, तिथं जाऊन त्यानं हात जोडले. "बंद करा. माझी घोडी मरतेय. बंद करा."

पंच उभे राहिले. एकानं पोराला हात केला, आणि भिंत बंद झाली. ढोल खाली ठेवले गेले. गिरणी थांबली. बायांनी हंडे-कळश्या वाजू नयेत म्हणून पाणी भरणं थांबवलं. अख्खं गाव गप्प! एका शब्दात!

सुभानराव मांडवात तसाच उभा. ज्येष्ठ पंचानं खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "इतकं सोपं होतं?"

गेल्या वर्षीच हा शब्द कुणी टाकला असता तर! पण घोडी बुजली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, दोष घोडीत आहे. पंचांनीही, मालकानंही. आवाज कमी करा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. घोडीचा स्वभाव बदलायचा म्हणून केवढी धडपड झाली! दोऱ्या आल्या, काठी आली, पातळ्या आल्या. आणि घोडीचं म्हणणं एवढंच होतं — मला त्रास होतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी केवडा गेली. सुभानराव तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. गावात पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता होती, आणि त्या शांततेत तो मोठ्यानं रडला.

सरांना कळवलं. उत्तर आलं. "फार वाईट झालं, सुभानजी. म्हणून सांगत होतो, कुंपण आमचंच घ्या. पद्धत चुकत नाही." आणि मंडळी, सगळ्यात भयंकर सांगू? काही दिवस सुभानरावला ते पटलं! पद्धत बरोबर, मीच कमी पडलो, असं तो स्वतःला कोसत राहिला. शेवटी हौसाबाईनं ती मोरकी आणि तो मैत्रीदंड चुलीत घातला. प्लॅस्टिक होतं त्यात. धूर झाला नुसता.

आता मघाचं उत्तर द्या. प्रेम करता करता जीव घेता येतो का?

आता नाही हलत माना.

तुमच्याकडं घोडं नाही, म्हणून निवांत बसला आहात काय? पोरगं गप्प झालंय, त्याला शिबिराला घातलंय, एकाग्रतेचं औषध आणलंय. म्हातारी जेवत नाही, तिला नाटकी म्हटलंय. सून कोपऱ्यात बसते, ती शांत आहे, गुणी आहे, असं पाहुण्यांना सांगताय. कुणी तिच्या अंगाला हात लावून विचारलंय, ताप आहे का बाई तुला?

अरे, तो देवळावरचा कर्णा बंद करा रे. हो, आत्ता. बंद करा. पलीकडच्या आळीत बाळंतीण आहे, मला ठाऊक आहे, आणि तरी मी तासभर ओरडतोय. पुढं सरका, मंडळी. जवळ या. शेवटचं मी हळू बोलतो.

घरी जा. दिवा लावायच्या आधी, जो तुमच्या घरात बोलत नाही, त्याच्यापाशी खाली बसा. हात लावा. कुठं दुखतंय, ते बघा.