राखून ठेवलेलं शहर

(वॉशिंग्टन, जुलै १९४५. लष्करी कचेरीतली नकाशांची खोली.)

लोर्ना : ...म्हणजे माझा अर्ज कुणीतरी वाचला म्हणायचा, मेजरसाहेब! अख्ख्या जपानची राखरांगोळी झाली, आणि तुमच्या यादीत हिरोशिमापुढे चक्क लिहिलंय, 'इथे बॉम्ब टाकू नये.' बाबा तिथे मिशनरी होते, माझं सगळं लहानपण तिथलंच. आमच्याकडची कियो अजून नदीकाठी राहते. आईपेक्षा तिनेच मला वाढवलं. हा घ्या केक. महिन्याची रेशनची साखर घातलीय त्यात.

मेजर पेल्हॅम : अगं, मी काय केलं त्यात? ठेव तिथे. जा, बशा घेऊन ये.

डॉ. आल्टमन : गेली. दार लावा. तुम्ही तिला सांगितलं नाहीत?

पेल्हॅम : काय सांगू? तुमच्या नव्या बॉम्बने किती घरं पडतात ते नीट मोजता यावं, म्हणून ते शहर कोरं ठेवलंय, असं? बॉम्ब तुम्ही केलात, डॉक्टर. मी नुसते नकाशे सांभाळतो.

आल्टमन : केला तो हिटलरच्या धास्तीने. तो मेला. आता या कागदावर आम्हा चाळीस जणांच्या सह्या आहेत. आधी ओसाड जागी टाकून दाखवा, शरण यायला मुदत द्या. एवढंच म्हणतोय आम्ही. तुम्ही हा फक्त वर पाठवा.

पेल्हॅम : आणि ऐनवेळी फुसका निघाला तर? जग हसेल.

आल्टमन : हसू दे. हसण्याने कुणी मरत नाही.

पेल्हॅम : माझा वॉल्टर मरेल. ओकिनावाच्या लढाईतून कसाबसा वाचलाय. नोव्हेंबरात त्याच्या पलटणीला जपानच्या किनाऱ्यावर उतरवणार आहेत. एकोणीस वर्षांचा आहे हो तो! गोळी अडवायला तुमच्या सह्यांचा कागद छातीशी धरू दे का त्याला?

आल्टमन : मला मुलगा नाही, म्हणून मी गप्प बसायचं?

पेल्हॅम : बोला की. मी ऐकतोय. पण हा कागद माझ्या खणातून हलणार नाही.

आल्टमन : मग निदान तिचा केक तरी खाऊ नका.

पेल्हॅम : खाणार. नाही खाल्ला तर ती कारण विचारेल. गप्प बसा, आली.

लोर्ना : दोनच बशा मिळाल्या. डॉक्टर, तुम्हीही घ्या ना. मेजरसाहेब, एक मागू? रागावू नका. कियोची मुलगी नागासाकीला दिलीय. तेवढं नाव तुमच्या त्या यादीत घालता येईल का?

आल्टमन : नको! मिस हॅस्किन्स, ते नाव काढूच नका. इथे नाही, कुणापुढेच नाही.

लोर्ना : अहो, असं काय करता? नागासाकीच्या लोकांनी काय घोडं मारलंय तुमचं?