खजूर कोणी चोळला होता?

नाही, तुम्हीच सांगा, मी काय पाप केलं? बाळ जन्मलं की घरातल्या मोठ्या माणसानं खजूर चावून मऊ करायचा, बोटावर घ्यायचा आणि बाळाच्या तोंडात वर, टाळूला, हलकेच चोळायचा, चोळणाऱ्याचा गुण बाळाच्या जिभेला लागतो, हे काय मी काढलंय? माझ्या टाळूला माझ्या आजोबांनी चोळला, तुमच्याही कोणीतरी चोळलाच असेल, आणि आपण सगळे मुकाट्यानं मासे खातोय, भात खातोय, वांगी खातोय, की नाही? मग माझ्याच नातवाच्या बाबतीत जो उठतो तो माझ्याकडे बोट करून का विचारतो, "अबू रबाब, याला खजूर कोणी चोळला होता?"

मी! मी चोळला! झालं समाधान? बरही खजूर होता, माझ्या बागेतला, आपल्या अख्ख्या बसऱ्यात तसा दुसरा दाखवा... जाऊ दे, तो विषय वेगळा. पण मी काही आगाऊपणानं पुढे झालो नव्हतो हो! जावई बिचारा बोट धुऊन तयार होता. पण रबाब, माझी एकुलती एक, इस्पितळात पडल्या पडल्या, घामानं केस कपाळाला चिकटलेले, म्हणते कशी, "हातिम, तू थांब. बाबा चोळतील. माझा यमान बाबांसारखा गोड बोलणारा निघू दे." गोड बोलणारा! तुम्ही मला तीस वर्षं ओळखता, मी कधी कुणाशी गोड बोललोय? तिच्याशीच काय ते बोलायचो. चोळला खजूर. पोरानं अशा मिटक्या मारल्या की रबाब खुदकन हसली. आणि चौथ्या दिवशी रबाब गेली. डॉक्टर काहीतरी सांगत होते, रक्त थांबलं नाही असं काहीतरी, मी ऐकलंच नाही. तेव्हापासून गल्ली मला दिवसातून वीस वेळा हाक मारते, अबू रबाब, रबाबचा बाप. मारा, बाबांनो. तेवढंच तिचं नाव कानावर पडतं.

तर चाळिसाव्या दिवशी हातिम आमच्यासमोर मान खाली घालून बसला. मुलगा भला आहे, हं, त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. म्हणाला, "काका, माझी नोकरी किर्कूकला. इतकं लहान बाळ मी एकटा कसं सांभाळू? दुधावर आहे तोवर तुमच्याकडे राहू दे. घरातल्या पातेल्यातलं चारचौघांसारखं जेवायला लागला की मी येऊन नेईन." मी म्हटलं, बरोबर आहे. माझी बायको बद्रिया म्हणाली, बरोबर आहे. सगळ्यांना बरोबर वाटलं. सहा महिन्यांनी त्यानं दुसरं लग्न केलं, तेही बरोबरच, तिशीतला माणूस, भिंतींशी का बोलत बसेल?

आता इथून खरी कथा सुरू. यमान सहा महिन्यांचा झाला आणि त्याला जेवायला घालायची वेळ आली. मसुराचा शोरबा, पातळ, गाळलेला. पहिला चमचा तोंडात, आणि पुढच्या क्षणी माझ्या चष्म्यावर! दुसरा चमचा, दाढीत! पण खजुराच्या पाकाचं बोट पुढे करा, आहाहा, चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडं. मग मी डोकं चालवलं. चमच्यात डाळ, टोकाला पाकाचा थेंब. पठ्ठ्यानं थेंब चाटला आणि डाळ जशीच्या तशी परत. मग खजुराची बी काढून आत भात भरला. तुम्हाला सांगतो, दात दोन, पण त्या मुलानं खजूर चोखून गिळला आणि भाताची शितं एकेक करून जिभेवरून बाहेर काढली, तीही माझ्याकडे बघत! बद्रिया कपाळाला हात लावून म्हणते, "अहो, खजूर कोणी चोळला होता?"

दहावा महिना सरत आला तरी तेच. डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा शाळेत. "आजोबा, याच्या अंगात रक्त नाही. पापणी बघा, पांढरी! गोड बंद. डाळ, मटणाचा रस्सा, पालेभाजी. रडू दे, उपाशी झाला की खाईल." मी म्हटलं, "बाई, खात नाही हो, काय करू?" तर म्हणतात, "याला खजूर कोणी चोळला होता?" डॉक्टर झालेली बाई!

पण तुमच्यापासून काय लपवायचं... माझ्या सदऱ्याच्या खिशात खजूर असायचा. कायम. त्या पोराला तो खिसा पाठ होता. बद्रिया पाठ वळवून आत गेली की त्याचा हात खिशात, आणि मी? मी छताकडे बघायचो. धुताना खिसा चिकट लागला की ती ओरडायची, "अहो, हे काय?" मी म्हणायचो, "बागेतला आहे, राहिला असेल." कारण मला कळत होतं ना! ज्या दिवशी हा डाळ खाईल त्या दिवशी हा जाईल. रबाबचे डोळे आहेत त्याला. हसताना उजवा गाल तिच्यासारखाच आत जातो. मी रोज सगळ्यांसमोर चमचा घेऊन बसायचो, विमान आलं, उंट आला, मांजर आलं, नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि आतून म्हणत होतो, नको खाऊस रे, नको खाऊस. आणि पोर पांढरं पडत चाललेलं. असा मी माणूस. आता काय म्हणायचं ते म्हणा.

आणि मग तो गुरुवार. दुपारचं जेवण, मटणाचा रस्सा, त्यात आपलं वाळवलेलं काळं लिंबू. यमान माझ्या मांडीवर. बद्रिया आत भाकऱ्या आणायला गेली. मी घास घ्यायला वाकलो तर या पोरानं माझ्या ताटातलं ते लिंबू उचललं आणि सरळ तोंडात! मी म्हटलं, आता भोकाड पसरतो. तोंड असं आंबट झालं, डोळे मिटले, अंगभर शहारा... आणि पुन्हा तोंड उघडलं. मी भाकरीचा तुकडा त्या रश्श्यात बुडवून दिला. खाल्ला. अजून एक. खाल्ला! हात आपटून मागायला लागला!

कोणी पाहिलं नव्हतं. कळतंय ना? घरात कोणीही पाहिलं नव्हतं. मी ते लिंबू उचलून उशीखाली सारलं असतं तर आजही तो माझ्या मांडीवर असता. मी त्याच्या नखांकडे पाहिलं. कागदासारखी. आणि मी ओरडलो, "बद्रिया! याची वाटी आण!"

ती धावत आली, त्याच्यासाठी वेगळा केलेला शोरबा घेऊन. घाईत मी आधी चाखून पाहिला. म्हटलं हे काय? पाणी! मीठ नाही, लिंबू नाही, कांद्याचा वास नाही. इतकी वर्षं जिच्या हाताची अख्ख्या गल्लीत वाहवा, तिनं हे शिजवलं? म्हटलं, "बद्रिया, हा असाच करतेस रोज?" तर भिंतीकडे बघत म्हणाली, "लहान बाळाला काय कळतंय चव." पाच महिने! पाच महिने मी खिशातून आणि ही पातेल्यातून! आणि एकमेकांना विचारतोय, खजूर कोणी चोळला होता! दोघांनी मिळून माझ्या ताटातला रस्सा त्याला भरवला, आणि तो संपेपर्यंत ती ओढणीच्या पदरानं त्याचंच तोंड पुसत होती, स्वतःचे डोळे नाही.

फोन मीच केला. हातिम पुढच्या शुक्रवारी आला, नवी बायको शहला बरोबर. मनात होतं, बाई जरा तरी वाईट निघू दे, म्हणजे भांडता येईल. पण कुठलं! येताना इवलासा लाकडी चमचा घेऊन आलेली. खाली बसली, भाताचा घास केला, आणि हा लबाड, माझ्या चष्म्यावर डाळ थुंकणारा, तिच्या हातून गपागप जेवला. बद्रियानं कपडे बांधले, काळी लिंबं बांधली, पाकाची बरणी बांधली. गाडीत बसवताना त्याचा हात सवयीनं माझ्या खिशात गेला. रिकामा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना.

परवा शहलाचा फोन आला. मोठी लाघवी पोर. "काका, यमान अगदी लालबुंद झालाय! मासे खातो, वांगं खातो, लोणचं मागतो! पण एक गंमत सांगू? तुम्ही दिलेल्या पाकाला तोंड लावत नाही. खजूर हातात दिला तर फेकून देतो. इथे सगळे हसतात, बसऱ्याचं पोर आणि गोड चालत नाही! खरं सांगा काका, याला जन्मल्यावर खजूर कोणी चोळला होता?"

म्हटलं, "मीच चोळला होता, पोरी. पुसला गेला असेल."