नव्या इंजेक्टरचा आवाज

अरे, गाडी अजून पळावी म्हणून मी मानपाड्याच्या गॅरेजात इंधन सोडणारे मोठे इंजेक्टर टाकून इंजिन ट्यून करून घेतलेलं. आवाज एकदम भारी झाला. घरी आलो तर आई खिडकीत उभी आणि तवा थंड. एरवी माझी गाडी गल्लीत वळली की ती आवाजावरून ओळखते आणि भाकरी थापायला घेते.

"आज भाकरी नाही?"

"दुसऱ्या कुणाची गाडी वाटली रे. तुझीच वाट बघतेय."

"उद्यापासून निघताना फोन करतो."

"फोन कशाला? खाली जा, कोपऱ्यापासून परत गाडी आण. मी डोळे मिटून ऐकते."

गेलो, आणली. वर आलो तर तव्यावर भाकरी फुगत होती.

"पुन्हा काही बदललंस," ती म्हणाली, "तर आधी मला ऐकव."